रोपांवरचे झाकण: विकतचे आणि घरचे

ठाण्यात दंव गोठत नाही, त्यामुळे रोपांना थंडीपासून जपण्याचा विषय येथे अनेकांना अनाठायी वाटतो. परंतु आमच्या घोडबंदर रस्त्यावरील इमारतीची गच्ची येऊरच्या डोंगराकडे उघडी आहे आणि जानेवारीत उत्तरेचे वारे सुटले की तेथे पहाटे पारा १५-१६ अंशांपर्यंत उतरतो. मिरचीचे बी रुजायला २५ ते ३० अंशांची ऊब मानवते. अशा गारठ्यात ते दोन-तीन आठवडे मातीत नुसते पडून राहते.

म्हणून गेल्या हिवाळ्यात एका रोपवाटिकेतून पारदर्शक झाकणाचा ट्रे आणला. बी रुजेपर्यंत त्याने काम चोख केले, मात्र झाकण इतके बुटके की टोमॅटोच्या रोपांना खरी पाने फुटताच ती त्याला टेकू लागली आणि आतल्या ओलाव्याने कुजू लागली. यंदा ट्रे बाजूला ठेवून पिण्याच्या पाण्याच्या पाच लिटरच्या रिकाम्या बाटल्या बुडाशी कापल्या आणि कुंडीत दोन सेंटिमीटर खोल रोवल्या. पहाटे आतील तापमान बाहेरच्यापेक्षा जेमतेम दोन अंशांनी जास्त भरले. पण खरा लाभ मला वारा अडण्यात दिसला, कारण कोवळी पाने थंडीइतकीच कोरड्या वाऱ्यानेही मान टाकतात.

या बाटलीचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे तिचे बूच. ते संध्याकाळी लावावे आणि ऊन येताच न चुकता काढावे. एका रविवारी ते काढायचे राहिले आणि अकरा वाजेपर्यंत चार रोपे आतल्या आत होरपळली, याची मला आजही हळहळ वाटते. बूच सतत बंद राहिल्यास ओलावा कोंडतो, बुरशी वाढते आणि मर रोगाने रोपे बुंध्याशी कोलमडतात; म्हणून पाणीही सकाळीच आणि बेताने द्यावे.

जुनी सुती साडी काठ्यांवर ताणून पाहिली. तीही वारा अडवते, परंतु दवाने भिजून जड होते आणि काठ्या जवळजवळ नसतील तर थेट रोपांवर बसते. वर्तमानपत्राचा तर एका रात्रीत लगदा झाला. बी रुजवण्यापुरता मात्र थर्माकोलचा खोका मी या सर्वांच्या वर ठेवेन. फरशीचा गारवा तो खालून अडवतो, आणि दिवसभर उन्हात तापलेली पाण्याची बाटली रात्री आत ठेवली की ती सावकाश ऊब सोडत राहते. अंकुर दिसताच रोपे खोक्याबाहेर उजेडात काढावीत, अन्यथा रोपे लांबुळकी आणि पांढुरकी होतात.

विकतचा ट्रे पुन्हा घेणार नाही. बाटल्या कापताना कडा धारदार राहते, तेवढी चिकटपट्टीने झाकावी. पहाटेचा पारा २० अंशांच्या वर स्थिरावला की बाटली एकदम न उचलता आधी आठवडाभर फक्त दिवसा काढून ठेवावी.