द्व्यर्थी चित्रांचा संच: चित्रे उत्तम, पण छापलेली नावे नकोत

गेल्या महिन्यात एका विज्ञान प्रदर्शनातून मी द्व्यर्थी चित्रांचा, म्हणजे एकाच चित्रात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात अशा चित्रांचा, संच साडेचारशे रुपयांना घेतला. त्यात चोवीस जाड कार्डे, तारेचा एक घन, प्लास्टिकचा पोकळ मुखवटा आणि मराठी माहितीपुस्तिका आहे. आठवी-नववीच्या वर्गात मेंदूचा धडा भागांची नावे पाठ करण्यावरच संपतो, याची मला नेहमी रुखरुख वाटते, म्हणून हा संच मी मोठ्या आशेने उघडला.

सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे तारेचा घन. स्फटिकांची रेखाचित्रे न्याहाळताना घनाची पुढची बाजू आपोआप मागे जाते आणि मागची पुढे येते, हे लुई नेकर या स्विस शास्त्रज्ञाने १८३२ मध्ये नोंदवले होते. कागदावर हे सहज दिसते, पण हातातल्या घनाची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. एक डोळा मिटून, घन हाताच्या अंतरावर धरून टक लावून पाहिले की थोड्या वेळाने तो उलटतो; त्याच क्षणी तो सावकाश फिरवला, तर बोटांना तो उजवीकडे वळल्याचे कळत असते आणि डोळ्याला मात्र तो डावीकडे वळताना दिसतो. वर्गातल्या एका मुलीने हे पाहून घन चटकन टेबलावर ठेवला आणि आपली बोटे तपासून पाहिली.

मुखवटाही चांगला आहे. त्याची आतली, खोलगट बाजू सहा-सात फुटांवरून पाहिली तर चेहरा फुगीर दिसतो आणि आपण बाजूला सरकलो की तो आपल्याकडे वळल्यासारखा वाटतो. जन्मापासून मेंदूने फुगीर चेहरेच पाहिलेले असल्यामुळे खोलगट चेहरा तो सहजासहजी मान्य करत नाही.

माझी खरी तक्रार कार्डांबद्दल आहे. प्रत्येक चित्राखाली त्यात काय काय दिसते ते ठळक अक्षरांत छापले आहे: ‘बदक की ससा?’, ‘फुलदाणी की दोन चेहरे?’ दृष्टिपटलावरची (डोळ्याच्या आतल्या पडद्यावरची) प्रतिमा तीच राहते आणि तिचा अर्थ मेंदू ठरवतो, हे दाखवण्यासाठी ही चित्रे असतात; अर्थ आधीच हातात दिला, तर दाखवायचे काय उरले? झ्युरिक प्राणिसंग्रहालयाच्या दाराशी केलेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हेच बदक-सशाचे चित्र लोकांपुढे ठेवले होते. ईस्टरच्या दिवशी बहुतेकांना ससा दिसला, ऑक्टोबरमध्ये मात्र बहुतेकांनी तो पक्षी असल्याचे सांगितले. तिकडे ईस्टरशी सशाचे नाते आहे. चित्राची एक रेषही बदललेली नव्हती. तीन-चार वर्षांच्या बहुतेक मुलांना तर दुसरा अर्थ आहे हे सांगितल्याशिवाय चित्र उलटत नाही. अशा वेळी छापलेले नाव हा प्रयोगाचाच भाग होऊन बसतो.

मी तरुणी आणि म्हातारीच्या कार्डावरचे नाव कागदी पट्टीने झाकले आणि ते आईपुढे ठेवले. तिला बराच वेळ म्हातारीच दिसत होती. तरुणीचा जबडा म्हणजेच म्हातारीचे नाक आणि तरुणीचा कान म्हणजे म्हातारीचा डोळा, असे बोटाने दाखवले तेव्हा ती एकदम म्हणाली, “अगं बाई, ही तर मान वळवून बसली आहे!” हा क्षण कार्डाने हिरावून घेऊ नये.

पुस्तिकेत दोन चुकाही आहेत. ‘डोळे फसतात’ असे त्यात वारंवार म्हटले आहे, ते अयोग्य आहे; डोळ्यातली प्रतिमा तीच राहते, बदलतो तो मेंदूने लावलेला अर्थ. शिवाय म्हातारीचे चित्र १९१५ मध्ये प्रथम काढले गेले असे लिहिले आहे. प्रत्यक्षात ते १८८८ च्या एका जर्मन कार्डावर आढळते.

एक गोष्ट मनाला लागली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका स्तंभावर चार हरणांना मिळून एकच मस्तक कोरलेले आहे. तीन हरणांची शरीरे हाताने झाकली की ते मस्तक उरलेल्या हरणाचे होते. तमिळनाडूतल्या दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात बैल आणि हत्ती एकच डोके वाटून घेतात. मराठी मुलांसाठी काढलेल्या संचात यांतले एकही शिल्प नसावे, हे मला पटत नाही.

शिक्षकांनी हा संच घ्यावा. घन आणि मुखवट्यासाठी किंमत रास्त आहे. मात्र वर्गात नेण्यापूर्वी चोवीसही कार्डांच्या तळाशी पांढरी पट्टी चिकटवावी. मला त्याला वीस मिनिटे लागली.