दत्तक पणजोबांचं मूळ घर शोधायचंय: तहसीलची फाइल, तीर्थावरचं बाड की डीएनए?

"आपले पणजोबा मांडीवर आलेले." मराठवाड्यात हे वाक्य पुष्कळ घरांत ऐकायला मिळतं. कुठून आले, असं विचारलं तर "गंगथडीच्या (गोदाकाठच्या) कुठल्या तरी गावाहून" एवढ्यावर बोलणं थांबतं. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदींसाठी निजामकाळची दप्तरं उघडली. तेव्हापासून लोक वहीत वंशावळ मांडायला बसले आहेत, आणि दत्तक पुरुषापाशी आलं की पेन थांबतं. वर दत्तक घराची पिढी लिहायची ती लिहितात, पण जन्मदात्याचं नाव कुणालाच माहीत नसतं.

मार्ग तीन आहेत. वेळ आणि पैसा कुठं घालवायचा हे ठरवताना माझं मत आधीच सांगतो: घरात जमीन, इनाम किंवा वतन होतं तर महसुली आणि कोर्टाचे कागद आधी बघा. जमीन नव्हती, पण तीर्थयात्रा व्हायच्या, तर बाडांकडे, म्हणजे तीर्थोपाध्यायांकडच्या यजमानांच्या वह्यांकडे, जा. डीएनए शेवटी, आणि तोही ठरावीक परिस्थितीतच. लोक मात्र हल्ली उलट्या क्रमानं सुरुवात करतात, कारण किट मागवणं सोपं आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूमला खेटे घालणं अवघड.

त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा

"मूळ गाव कोणतं?" असं थेट विचारलं की "काय माहीत बाबा" हेच उत्तर येतं. वेगळं विचारा. एखाद्या गावाहून निरोप आला की घरात तीनच दिवसांचं सुतक धरायचे का? दत्तक गेलेल्यानं जन्मदात्या आईबापाचं सुतक दहाऐवजी तीन दिवस पाळावं, अशी धर्मशास्त्राची रीत आहे, आणि आजीला सुतकाचे दिवस बरोबर आठवतात. अमक्या गावातल्या अमक्या आडनावाशी सोयरीक नको, असं कुणी म्हणायचं का? दत्तक गेल्यावरही जन्मघराशी लग्नसंबंध वर्ज्यच राहतो. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 12 मध्येही ते स्पष्ट आहे. त्यामुळं कारण न सांगता टाळलेलं एखादं स्थळ म्हणजे मूळ घराचा पत्ता असू शकतो. घरातल्या लग्नात नातं नीट सांगता येत नाही अशा कुणाकडून आहेर यायचा का, हेही विचारा.

आणखी एक गोष्ट इथंच उलगडून घ्या. ते विधी करून दत्तक घेतलेले होते, की दुष्काळात, साथीत आईबाप गेल्यावर पोसलेले? बोलताना दोघांनाही "दत्तक" म्हणतात. विधीच्या दत्तकात एक बाप मूल देतो, दुसरा घेतो, आणि ते चारचौघांसमोर होतं. पोसलेल्या मुलाचं असं काहीच होत नाही, म्हणून त्याच्यासाठी कागद शोधत वर्षं घालवू नका.

तहसीलची फाइल

आपल्याकडं दत्तक घेणं बहुतेक वेळा वारसासाठी, म्हणजेच जमिनीसाठी होत असे. म्हणून जमिनीच्या कागदात त्याचा माग राहतो. सर्वांत मोलाचं दत्तकपत्र. त्यात देणारा कोण, घेणारा कोण, मुलाचं वय आणि साक्षीदार येतात, आणि जन्मदात्याचं नाव मिळायची ही सर्वांत खात्रीची जागा. पण दत्तकपत्र नोंदवणं बंधनकारक नव्हतं, आजही नाही. ते सापडलं नाही म्हणून दत्तक झालंच नाही असं समजू नका.

मग विरासतीकडं, म्हणजे वारसनोंदीच्या फाइलीकडं वळा. दत्तक बाप किंवा त्याची विधवा वारली की जमीन पणजोबांच्या नावावर लागली असणार. त्या चौकशीत जबाब होतात, भावकी हरकत घेते, शजरा म्हणजे वंशवृक्ष जोडला जातो. इनाम असेल तर आणखी बरं, कारण इनामाच्या वारसाची चौकशी सरकार बारकाईनं करायचं. ते काम इनाम-जहागिरी बघणाऱ्या अतियात खात्याकडं असे आणि पुढं 1952 च्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्याखाली चाललं. पाटील-देशमुखांच्या वतनापासून हाडकी-हाडोळ्यापर्यंतच्या (महारांच्या इनामी) जमिनींना हे लागू होतं. विधवेनं दत्तक घेतलं असेल तर दिवाणी दावा झाला होता का हे आवर्जून शोधा. दत्तक खरं की खोटं यावर भावकी भांडली, की साक्षीदारांना मुलाचं जन्मघर सांगावंच लागतं. घराला त्या काळी नकोसा झालेला तंटा आज तुमच्या कामी येतो.

अडचण भाषेची आहे. वरच्या कचेरीचे कागद उर्दूत, तेही शिकस्ता म्हणजे घाईच्या, मोडक्या वळणात. उर्दू येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचता येतंच असं नाही. गावपातळीवरचे जुने कागद मोडीत. वाचकाला "मुतबन्ना" हा शब्द शोधायला सांगा. दत्तक पुत्रासाठी उर्दू कागदात तोच येतो, आणि "बेवा" म्हणजे विधवा बहुधा त्याच्या आसपास असते. सन फसली, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षाचा असतो. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीला फसलीत 590 मिळवा, जानेवारीपासून पुढं 591. पडताळा घ्यायचा तर जहागिरी रद्द करणारा विनियम 1358 फसलीचा आहे आणि तो 15 ऑगस्ट 1949 ला निघाला.

नावांचा आणि हद्दींचा गोंधळ वेगळाच. अंबाजोगाई जुन्या कागदात मोमिनाबाद म्हणून मिळेल. जालना जिल्हा 1981 मध्ये झाला, लातूर 1982 मध्ये, हिंगोली 1999 मध्ये. त्याआधीचं दप्तर अनुक्रमे औरंगाबाद, उस्मानाबाद आणि परभणीच्या नावानं विचारा. गाव जहागिरीत किंवा सर्फ-ए-खासमध्ये म्हणजे निजामाच्या खाजगीत होतं का, हे आधीच काढा. अशा गावांचा कारभार 1949 पर्यंत दिवाणी म्हणजे निजाम सरकारच्या तहसीलकडं नव्हताच, त्यामुळं तिथं तहसीलच्या फाइलीवर भिस्त ठेवता येत नाही.

कुठं जायचं? तहसीलचा अभिलेख कक्ष, भूमी अभिलेख कार्यालय, दुय्यम निबंधक, पुराभिलेख संचालनालयाचं छत्रपती संभाजीनगरचं कार्यालय, आणि इनामाचा विषय असेल तर हैदराबादला तारनाक्याचं राज्य अभिलेखागार. नकलेसाठी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. नुसतं तोंडी विचारलं तर "रेकॉर्ड जीर्ण आहे" यापुढं गाडी सरकत नाही. 1954-55 चं खासरा पत्रक सहसा मिळतं. त्यात दत्तकाचं काही नसतं, पण संशय असलेल्या गावात तेव्हा कोणती घरं जमीन धरून होती ते त्यातून कळतं.

हैदराबाद गॅझेटबद्दल बरीच गैरसमजूत आहे, म्हणून सांगतो. हैदराबाद गॅझेटच्या आधारे मराठ्यांना कुणबी दाखले देण्याच्या 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानंतर "गॅझेटमध्ये आपल्या पणजोबांचं नाव शोधा" असा सल्ला लोक देतात. गॅझेटिअरमध्ये समाजांची लोकसंख्या आहे, माणसांची नावं नाहीत. वंशावळीसाठी ते चाळण्यात दिवस घालवू नका.

तीर्थावरचं बाड

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांकडं यजमानांच्या वह्या असतात. गाव, जात, आडनाव सांगितलं की तुमच्या भागाचे उपाध्याय कोण ते कळतं. तुळजापूर-माहूरच्या पुजाऱ्यांकडंही ठरलेली घराणी असतात. नोंदीत आलेल्या माणसाचं नाव, बापाचं, आज्याचं, भावांची, मुलांची, कधी बायकांचीही नावं, आणि खाली सही. तहसीलच्या कागदात बायका विधवा झाल्यावरच दिसतात; बाडात त्या आधीही भेटतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

इथं लोक आपल्या, म्हणजे दत्तक घराच्या नोंदी काढतात आणि निराश होऊन परततात. साहजिकच आहे, कारण तिथं पणजोबा दत्तक बापाचा मुलगा म्हणूनच लिहिलेले असणार. संशय असलेल्या मूळ घराच्या नोंदी काढायला सांगा. एका यात्रेला चार भावांची नावं आणि पुढच्या यात्रेला तीनच असतील, तर चौथा वारला की दत्तक गेला हे बघायचं. तोच वयाचा मेळ तुमच्या घराकडून बसला तर धागा हाती लागला.

पण बाड सगळ्यांसाठी नाही. यात्रेला गेलेल्यांचीच नोंद होते, आणि ज्या समाजांना देवळाच्या पायरीवरही उभं राहू दिलं नाही त्यांची नावं तिथं कशी मिळणार? नाशिकला काळाराम मंदिरात प्रवेशासाठी 1930 मध्ये सत्याग्रह करावा लागला, त्याच पिढीतल्या पणजोबांबद्दल आपण बोलतो आहोत. अशा घरांनी बाडाचा नाद सोडून इनामी जमिनीच्या फाइली आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आधी बघावं.

दोन्ही शेजारी ठेवून बघा. फाइल मिळायला महिने लागतात, नोंद मिळेल याची हमी नाही, मोडी-उर्दू वाचकाचा खर्च येतो. पण जे मिळतं ते पुराव्याच्या तोडीचं असतं आणि त्यात जन्मदात्याचं नाव उघड लिहिलेलं असू शकतं. बाड एका दिवसात उघडतं, दक्षिणा द्यावी लागते, पिढ्या भराभर मिळतात. पण दत्तकाची गोष्ट त्यातून ताडावी लागते. गावाचा अंदाजच नसेल तर बाड मुकं आहे. गावाचा अंदाज आहे पण घर कोणतं ते ठरत नाही, तेव्हा बाडासारखं दुसरं साधन नाही.

डीएनए

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडं जातं. पणजोबा परक्या कुळातून आले असतील तर तुमचं वाय त्यांच्या जन्मघराशी जुळेल, दत्तक घराशी नाही. आता आपल्याकडची रीत आठवा: आधी सख्ख्या भावाचा मुलगा, नाही तर भावकीतला. भावकीतूनच दत्तक आले असतील तर दोन्ही घरांचं वाय एकच, आणि चाचणीतून दत्तकाचा पत्ताही लागणार नाही. मुलीचा किंवा बहिणीचा मुलगा घेतला असेल तर मात्र फरक स्वच्छ दिसेल.

दुसरी चाचणी सर्व गुणसूत्रांची. पणजोबांचा सरासरी 12.5 टक्के वाटा तुमच्यात आहे, त्यांच्या नातवंडांत 25 टक्के, लेकीत 50 टक्के. म्हणून नमुना तुमचा देण्याआधी घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाचा द्या, अर्थात त्यांना नीट समजावून आणि त्यांची इच्छा असेल तरच. पणजोबांच्या सख्ख्या भावाची पणतवंडं आणि तुम्ही यांच्यात दहापैकी साधारण एका जोडीत काहीच जुळत नाही; एक पिढी वर गेलात तर जुळणी जवळपास हमखास मिळते. त्यात आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्नं होतात आणि सोयरीक जातीतच फिरते, त्यामुळं दूरचं नातं जवळचं भासतं. शिवाय समोरच्या घरातल्या कुणी त्याच कंपनीत चाचणी केलेली असेल तरच जुळणी दिसणार, आणि कंपन्यांच्या या साठ्यांत मराठवाड्यातली माणसं शोधूनही सापडत नाहीत.

त्यामुळं डीएनएनं घर सापडत नाही. सापडलेलं घर खरं आहे का, हे दोन्हीकडच्या थोरल्यांनी ठरवून चाचणी केली तर कळतं. तेवढ्यासाठी तो उत्तम आहे. पोसलेल्या मुलाच्या बाबतीत, जिथं कागद नाही आणि बाडही नाही, तिथं आपला डीएनए कंपनीच्या साठ्यात ठेवून जुळणीची वाट बघणं एवढाच मार्ग उरतो. माहितीच्या सुरक्षेचाही विचार करा: ट्वेंटीथ्री अँड मी या मोठ्या कंपनीची माहिती 2023 मध्ये चोरीला गेली आणि 2025 मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

आजी-आजोबा अनाथाश्रमातून आले असतील तर वाट वेगळी. दत्तक गेलेली व्यक्ती 18 वर्षांची झाल्यावर कारा या केंद्रीय संस्थेमार्फत मूळ शोधासाठी अर्ज करू शकते, पण 2022 च्या दत्तक विनियमांनुसार तिऱ्हाइताला तो करता येत नाही. आजी हयात असेल तर अर्ज तिनंच, तिच्या मर्जीनं करायचा.

घर सापडल्यावर तिथं जाताना एक लक्षात ठेवा. दत्तक गेलेल्याचा जन्मघराच्या मालमत्तेतला वारसाहक्क संपतो. दत्तकाआधीच त्याच्या नावावर झालेलं असेल तेवढंच त्याचं राहतं. हे तुम्हाला माहीत असलं तरी समोरच्या घराला माहीत असेलच असं नाही. ओसरीवर अनोळखी माणूस जुना उतारा घेऊन उभा राहिला की पहिली भीती जमिनीचीच वाटते. म्हणून फाइल पिशवीतच राहू द्या. गावातल्या दोघांच्याही ओळखीच्या माणसाला सोबत न्या, पाणी घेतल्यावर आधी सांगा की आम्ही काही मागायला आलो नाही, आणि मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा की त्यांच्या सासऱ्यांचा एखादा भाऊ लहानपणीच दुसऱ्या गावी दिला होता का.