पॅन्टोप्राझोल ४०: ऑक्टोबर ते मे, वापरानंतरचा अनुभव

ॲसिडिटीवरची ही गोळी चांगली आहे. लोकांचं चुकतं ते घेण्याच्या वेळेत आणि थांबवण्याच्या पद्धतीत. दुकानातून पट्टी हातात पडताना या दोन्ही गोष्टी क्वचितच सांगितल्या जातात, म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे.

वापर डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे: ऑक्टोबरपासून ४० मि.ग्रॅ.ची रोज एक, ८ आठवडे. मग फेब्रुवारीअखेरपर्यंत २० ची. मार्चमध्ये कमी करत बंद. एप्रिल-मे गोळीशिवाय.

आधी वेळ. पोटातल्या पेशींमध्ये आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात. अन्न आलं की ते चालू होतात आणि ही गोळी चालू पंपालाच चिकटते. रक्तात औषध काही तासच राहतं, पण एकदा बंद पडलेला पंप उठत नाही, त्याच्या जागी नवा तयार व्हावा लागतो. म्हणून एका गोळीचा परिणाम दिवसभर पुरतो. सकाळी साध्या पाण्याबरोबर गोळी आणि ३० ते ६० मिनिटांनी न्याहारी, हे गणित त्यातूनच आलं आहे. न्याहारी म्हणजे खाणं, नुसता चहा नव्हे. जेवून झाल्यावर घेतली तर गोळी पोटात अडकून राहते आणि ती रक्तात पोचेपर्यंत पंपांची वेळ निघून जाते. यंत्रमागावर रात्रपाळी असेल तर घड्याळ पाहू नका. झोपून उठल्यावर जे पहिलं जेवण, त्याच्या अर्धा तास आधी घ्या. पहिल्याच दिवशी आराम पडेल अशी अपेक्षाही नको. सगळे पंप एका डोसमध्ये सापडत नाहीत, पूर्ण गुण यायला ३-४ दिवस जातात.

गोळी कधी मोडून पाहिली तर बाहेरचं गुळगुळीत आवरण आणि आतली पांढरी भुकटी वेगवेगळी दिसते. त्या आवरणावरच सगळं अवलंबून आहे. औषध आम्लात नासतं आणि आवरण ते आतड्यापर्यंत सुखरूप नेतं. ४० ची गोळी मोडून अर्धी २० म्हणून घेणं, चावणं, म्हाताऱ्यांसाठी कुटून पाण्यात देणं, हे सगळं म्हणजे औषध वाया घालवणं. २० ची वेगळी पट्टी मिळते, तीच घ्या. जनऔषधी केंद्रात हेच औषध बरंच स्वस्त मिळतं.

आत्ता जळजळतंय, त्यासाठी ही गोळी नाही. तिथे अँटासिडचं जेल, जेवणानंतर तासाभराने, बाटली नीट हलवून. त्यातल्या मॅग्नेशियमने पोट सैल होतं, ॲल्युमिनियमने घट्ट. मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय दोन्ही नको. फसफसणाऱ्या पुडीत सोडियम भरपूर असतं, रक्तदाबवाल्यांनी ती सवयीची करू नये. लोहाची गोळी, डॉक्सिसायक्लिन (अँटिबायोटिक) आणि अँटासिड यांत किमान २ तासांचं अंतर हवं, थायरॉईडच्या गोळीपासून ४ तासांचं.

'गॅसची गोळी द्या' म्हटलं की बऱ्याचदा नावापुढे 'डी' असलेली कॅप्सूल हातात येते. तो डी म्हणजे डॉम्पेरिडोन, मळमळ-उलटीचं औषध. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवण्याच्या धोक्यामुळे युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये ते मळमळ-उलटीपुरतं आणि साधारण आठवडाभरापुरतं मर्यादित केलं. इथे लोक तीच कॅप्सूल महिनोन्महिने घेतात, याची खरोखर काळजी वाटते. नुसती जळजळ असेल तर नुसतं पॅन्टोप्राझोल पुरतं. डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू असेल तर याच वर्गातल्या ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, पॅन्टोप्राझोल त्यातल्या त्यात बरं.

जेवणाचं थोडक्यात. कडक भाकरी आणि शेंगा चटणी सोडावी लागत नाही. त्रास होतो तो रात्री उशिरा, वर तेल ओतून, पोटभर खाऊन लगेच आडवं होण्याने. शेंगदाण्यातल्या आणि वरच्या तेलामुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. जेवण आणि झोप यांत ३ तास, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ६ ते ८ इंच उंची, आणि तंबाखू-मशेरी बंद. उशांची चळत लावून उपयोग नाही, त्याने पोटच दुमडतं.

सगळ्यात अवघड भाग गोळी थांबवण्याचा. आम्ल दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन, म्हणजे आम्ल सोडायला लावणारं संप्रेरक, वाढवतं. गोळी एकदम सोडली की आम्ल उसळून येतं आणि माणूस समजतो, आजार परत आला. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांना ॲसिडिटी नव्हतीच अशा निरोगी लोकांना ८ आठवडे याच वर्गातली गोळी दिली. थांबवल्यावर त्यांतल्या अनेकांना जळजळ सुरू झाली. मार्चमधला क्रम असा ठेवला: २ आठवडे २० ची एक दिवसाआड, मग बंद, आणि अधूनमधून लागलं तर जेल. बंद केल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे करपट ढेकरा येतात, तेवढे काढावे लागतात. मात्र अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलेल्यांनी, किंवा स्टेंटनंतर ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने गोळी थांबवू नये.

वर्षाच्या वर चालू राहिली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासून घ्या, शाकाहारी घरांत बी-१२ तर नक्कीच. एच. पायलोरी या पोटात अल्सर करणाऱ्या जंतूची शौचाची किंवा श्वासाची तपासणी करायची असेल तर आधी २ आठवडे गोळी बंद लागते, नाहीतर जंतू असूनही अहवाल निर्दोष येतो. डांबरासारखी काळी, चिकट शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं यात गोळी वाढवत बसू नका, दुर्बिणीची तपासणी लागते. छातीत दाब, घाम आणि डावा हात भरून येणं याला पित्त म्हणू नका, थेट ईसीजी.

पट्टीवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं आणि सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. स्कूटरच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या फळीवर पट्टी नको. भिंतीतल्या कपाटाचा खालचा कप्पा बरा, आणि गोळी घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढावी.