ठाण्यातला मुलांचा व्हायोलिन मास्टरक्लास: पालकांनाही गज धरायला लावणारा

माझी लेक सात वर्षांची, दुसरीत आहे. दीड वर्षापासून कळव्यात आमच्या घराजवळच्या सरांकडे व्हायोलिन शिकते, हिंदुस्थानी पद्धतीनं, म्हणजे खाली बसून. या मास्टरक्लासची माहिती सरांनीच दिली. शनिवार-रविवार, नौपाड्यात घंटाळीच्या बाजूला एका हॉलमध्ये, पाच ते बारा वयाची अठरा मुलं आणि प्रत्येकाबरोबर एक पालक सक्तीचा. दोन दिवसांची फी ३,२०० रुपये, पालकाचे वेगळे पैसे नाहीत. मी रबाळे एमआयडीसीत टूलरूमला आहे, बायकोला शनिवारी सुट्टी मिळत नाही, म्हणून मीच रजा टाकून गेलो.

आधीच सांगून टाकतो, पैसे वसूल झाले. लेकीला तिथे नवीन राग वगैरे काही शिकवला नाही. पण रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसून मी जे करत होतो त्यातलं निम्मं चुकत होतं, हे मला त्या दोन दिवसांत कळलं. त्यासाठी मी याच्या दुप्पट पैसेही दिले असते.

पद्धत अशी, की प्रत्येक मुलाला दिवसाला पंधरा मिनिटं. मूल पुढे बसून तयार करून आणलेलं वाजवतं, शिकवणाऱ्या ताई त्यातली एकच गोष्ट उचलतात आणि पंधरा मिनिटं तिच्यावरच काम करतात. (मुलं त्यांना ताई म्हणतात, दुपारपर्यंत आम्ही पालकही तेच म्हणायला लागलो.) बाकीचे सगळे सतरंजीवर बसून बघतात. मला आधी वाटलं होतं, दुसऱ्यांची मुलं बघत चार-साडेचार तास काय करायचं? पण दुसऱ्याच्या मुलाची चूक आपल्याला पटकन दिसते, आणि घरी आल्यावर तीच आपल्याकडे दिसायला लागते. पाचव्या मुलापर्यंत माझ्या वहीची तीन पानं भरली होती.

लेकीचा नंबर अकरावा, जेवणानंतर पावणेतीनला. ती पुढे गेली, मांडी घातली, उजवा पाय पुढे घेतला, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवलं. भूप रागातला अलंकार (सुरांचा सराव) सुरू केला, सारेग, रेगप, आणि दुसऱ्या ओळीतच टोक घोट्यावरून सरकलं. परत ठेवलं, परत सरकलं. तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडे बघितलं आणि गज (व्हायोलिन ज्यानं वाजवतात ती केसांची काठी) खाली ठेवून दिला. डोळे भरले होते. मी जागेवरून म्हणालो, "बाळा, मनगट सरळ, सरांनी सांगितलंय ना?" ताईंनी हातानंच मला थांबवलं.

मग त्यांनी तिला उभं केलं. डावा हात खांद्यातून सरळ बाजूला करायला सांगितला, कोपर न वाकवता, आणि व्हायोलिन मानेशी टेकवून हातावर आडवं धरलं. मापाचं वाद्य असेल तर त्याचं टोक तळहातात मावतं आणि बोटांना त्याच्याभोवती सहज वळसा घालता येतो. लेकीच्या बोटांची टोकं तिथवर जेमतेम पोचत होती. ताईंनी मला पुढे बोलावून ते दाखवलं. "बाबा, हे हाफ आहे. हिला अजून वर्षभर क्वार्टरच हवं. मनगट आत दुमडतंय, कारण त्याशिवाय तिची बोटं तारेवर पोचतच नाहीत."

पोटात कालवलं. गेल्या वर्षी आम्ही ते घेतलं तेव्हा दुकानदार म्हणाला होता, मोठंच घ्या, दोन-तीन वर्षं बघायला नको. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतो तसं मला ते पटलं होतं. आणि त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी सात वर्षांच्या पोरीला मनगट सरळ ठेव म्हणून टोकत होतो. तिला ते जमण्यासारखंच नव्हतं. एकदाही ती म्हणाली नाही, की बाबा, हात पुरत नाही. तिला वाटत होतं, आपलंच चुकतंय.

पुढची दहा मिनिटं ताईंनी तिला दुसऱ्या मुलाचं लहान व्हायोलिन देऊन नुसत्या मोकळ्या तारेवर गज ओढायला लावला. बोटं नाहीत, अलंकार नाही. दहा गज, सावकाश, टोकापासून टोकापर्यंत. सातव्या-आठव्या गजाला खरखर गेली आणि सूर आला. लेक ताईंकडे बघून हसली. माझ्याकडे नाही बघितलं, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण ती घरी कुणालाही करून बघता येईल. आमच्याकडे व्हायोलिनच्या तारा षड्ज-पंचमात, म्हणजे सा आणि प या सुरांत लावतात. लेकीच्या व्हायोलिनच्या पट्टीवर, म्हणजे तारांखाली बोटं टेकतात तिथे, सूर कुठे धरायचे त्याच्या खुणा मी चिकटपट्टीनं केल्या होत्या, व्हर्नियरनं मोजून. ताईंनी त्या बघितल्या, छान केल्यात म्हणाल्या. मग पेपरच्या कडेचा एक चिटोरा घेतला, नखाएवढा, मध्ये दुमडून उलट्या व्हीसारखा केला आणि पंचमाच्या मोकळ्या तारेवर घोड्यासारखा बसवला. लेकीला म्हणाल्या, "आता शेजारच्या सा-च्या तारेवर करंगळीनं पंचम धर आणि गज ओढ. कागदाकडे बघ." लेकीनं माझ्या खुणेवर बोट ठेवलं. कागद ढिम्म. बोट केसभर पुढे सरकवलं, काही नाही. थोडं मागे घेतलं आणि कागद थरथरायला लागला. ज्या तारेला कुणी हात लावला नव्हता ती तार वाजत होती, कारण शेजारच्या तारेवरचा सूर तिच्या सुराशी तंतोतंत जुळला होता.

मी वीस वर्षं गेज आणि मायक्रोमीटर घेऊन काम करतोय. इतका खरा गेज मी बघितला नव्हता. माझी खूण चुकली होती आणि ते तिला तिच्या कानानं आणि त्या चिटोऱ्यानं सांगितलं. ताईंनी खुणा लगेच काढायला लावल्या नाहीत. "हाताला रस्ता कळेपर्यंत असू देत, पण पोचलो की नाही हे कानानं ठरवायचं," एवढंच म्हणाल्या. वाद्य बदललं की बोटांमधली अंतरंही कमी होणार, त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस सूर वर लागतील, तेव्हा घाबरू नका, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं. तसंच झालं.

रविवारी दुपारी सगळ्या पालकांना एकेक करून मुलाचं वाद्य हातात घ्यायला लावलं. मोकळ्या तारेवर पाच गज, शिकवणार मूल. माझ्या आधी एक आजी होत्या, नातवाबरोबर आलेल्या, त्यांनी बिनधास्त ओढला. माझा हात लोखंडाला सरावलेला, गज घोडीकडे (तारा जिच्यावर टेकलेल्या असतात ती लाकडी पट्टी) घसरायला लागला आणि अशी किंचाळी निघाली, की पुढची दोन मुलं दचकली. लेक म्हणाली, "बाबा, दाबू नका. गजाचं वजन त्याचं त्याला असतं." हे वाक्य मी तिला कधी शिकवलं नव्हतं, तिच्या सरांचं असणार. पाच गजांत माझा अंगठा दुखायला लागला. ती रोज वीस मिनिटं हे करते.

ताईंनी तेव्हा शिनिची सुझुकींचं सांगितलं. जपानमधले व्हायोलिनचे शिक्षक, १८९८ ते १९९८ असं जवळजवळ शंभर वर्षांचं आयुष्य. मूल मातृभाषा जशी ऐकून ऐकून उचलतं तसंच संगीत उचलतं, हे त्यांच्या पद्धतीचं मूळ, आणि त्यासाठी ते आधी आईला थोडं वाजवायला शिकवत आणि मुलाच्या प्रत्येक तासाला बसवून घेत. त्यांच्या वडिलांचा नागोयाला व्हायोलिनचाच कारखाना होता, हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं. आपलं संगीत वेगळं, बैठक वेगळी, पण पालकानं काय करायचं हे तिथूनही घेण्यासारखं आहे, असं ताईंचं म्हणणं.

मला दिलेलं काम वहीत लिहून घेतलंय. पहिले पंधरा दिवस "चुकलं" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तानपुरा लावून द्यायचा, शेजारी बसायचं, गज मोजायचे. काही विचारायचंच असेल तर "यातला कुठला गज तुला आवडला?" एवढंच. वेळ संपली की संपली, "अजून एकदा" नाही. आणि रोज दहा मिनिटं ऐकायचं, तेही काम करता करता. गाण्यासारखं वाजतं कसं ते कानावर पडावं म्हणून व्हायोलिनवादक एन. राजम, ज्या गायक पं. ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या. पं. डी. के. दातार. पं. गजाननबुवा जोशींचं व्हायोलिनही आणि गाणंही, कारण एकाच माणसाचा गळा आणि गज दोन्ही ऐकायला मिळतात. दातारांचं नाव आलं तेव्हा मला माझे वडील आठवले. सकाळी रेडिओवर दातारांचं वादन लागलं, की ते दाढी अर्धवट ठेवून बसायचे. लेक आता मी दाढी करताना तेच ऐकते.

आता तक्रारी, कारण त्या आयोजकांपर्यंत पोचायला हव्यात. एसी. बाहेर धो धो पाऊस आणि आत थंडगार. पावसाळ्यात व्हायोलिनच्या तारा ताणायच्या लाकडी खुंट्या फुगून घट्ट बसतात, आणि कोरड्या थंड हवेत आल्या की आकसून सुटायला लागतात. पहिल्या दिवशी निम्म्या मुलांच्या तारा उतरल्या. त्या लावायला वेगळं कुणी नव्हतं, मग ताईच लावत बसल्या आणि तो वेळ मुलांच्या पंधरा मिनिटांतून गेला. दुसऱ्या दिवशी त्यांची एक विद्यार्थिनी मदतीला आली. ही सोय पहिल्या तासापासून हवी होती. दुसरं, मधल्या सुट्टीत समोसे आणि वेफर्स. मुलांचे तेलकट हात तारांवर आणि गजाच्या केसांवर गेले तर केसांना लावलेली राळ धरत नाही, गज नुसता घसरतो. ताईंनी सगळ्यांना ओळीनं हात धुवायला पाठवलं, पण बेसिन एकच. केळी द्या, राजगिऱ्याची चिक्की द्या. तिसरं, रविवारी शेवटी प्रमाणपत्रं. पाहुण्यांची भाषणं पाऊण तास चालली, लहान मुलं पेंगली, एक तर व्हायोलिनच्या पेटीवर डोकं ठेवून झोपलं. तो पाऊण तास म्हणजे तीन मुलांचे तीन नंबर झाले असते. चौथं, दोन्ही दिवसांच्या टिपणांची पीडीएफ पाठवू म्हणाले होते. दीड महिना झाला, दोनदा मेसेज केला, आलेली नाही. माझी वही आहे म्हणून माझं निभावलं. ज्यांनी नुसते व्हिडिओ काढले त्यांच्याकडे काय उरलं, मला माहीत नाही.

मोबाइल बाहेर ठेवायचा नियम मात्र मला आवडला. पहिल्या दिवशी काही पालक मोबाइल समोर धरून बसले होते, मूल वाजवताना आईच्या चेहऱ्याऐवजी मोबाइलची पाठ बघत होतं. रविवारपासून ताईंनी बंदी केली.

घरी आल्यावर पहिलं काम क्वार्टर साइज शोधण्याचं केलं. नवीन घेतलं नाही, सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडचं भाड्यानं मिळालं, महिन्याला ४०० रुपये. मूल वाढतं तसं वाद्य बदलतच जाणार, त्यामुळे सुरुवातीला भाड्यानंच घ्यावं, असं माझं आता मत झालंय. हाफ साइज कपाटावर आहे, तारा थोड्या सैल करून. सगळ्या तारा एकदम पूर्ण सोडायच्या नाहीत, घोडी पडते आणि तिच्याबरोबर आतला साउंड पोस्टही (व्हायोलिनच्या पोटातली छोटी लाकडी दांडी) पडू शकतो, हेही तिथेच कळलं.

आता पावणेआठला मी कामावरून आलो, की दोघं हात धुतो. ती गजाचा स्क्रू फिरवून केस ताणते, मी राळ देतो. झालं की ती केस सैल करते आणि तारांवरची पांढरी पूड सुती फडक्यानं पुसते. हे शेवटचं काम तिनं माझ्याकडून काढून घेतलंय. "चुकलं" माझ्या तोंडून अजून कधीतरी निघतं. निघालं, की ती गज थांबवून माझ्याकडे बघते, आणि मी परत गज मोजायला लागतो. पंचमासाठी कागदाचा चिटोरा आता ती स्वतःच फाडून आणते.

पुढच्या वेळी जाणाऱ्यांसाठी: वाद्याचं माप आधी तपासून घ्या, वर लिहिलंय तसं. स्वेटर न्या, मुलाचा आणि वाद्यावर टाकायला एक जाड पंचा. डबा घरचा. रविवारी मेगाब्लॉक असेल तर कळव्याहून रिक्षानंच या, पेटी घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढू नका. पार्किंग नाही. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद होती, आजी-आजोबांना पाठवणार असाल तर आधी विचारून घ्या. आणि मूल आठच्या आतलं असेल तर नाव नोंदवतानाच सकाळचा नंबर मागा. जेवणानंतर ती थकलेली असतात. आम्ही दुसऱ्या दिवशी मागितला, तर लगेच दिला.