‘सीतेची वेणी’च्या नावाखाली दुसरंच ऑर्किड

पावसाळा लागला की मुंबईत स्टेशनबाहेर आणि बागकामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘जंगली सीतेची वेणी’ हे ऑर्किड विकायला येतं. मोबाइलवर गुलाबी-पांढऱ्या लोंबत्या तुऱ्याचा फोटो, हातात बिनफुलाचं रोप. ही वेळ विकणाऱ्याच्या सोयीची. सीतेची वेणी मे-जूनच्या सुमारास फुलते, म्हणजे जुलैत घेतलेलं रोप खरं की खोटं हे कळायला पुढचा उन्हाळा उजाडतो. तोवर विकणाऱ्याचा नंबर बंद, आणि बाल्कनीत उमलतात बारकी पिवळी फुलं, तपकिरी पट्ट्यांची. ते अकॅम्पे नावाचं दुसरं ऑर्किड, कोकणात आंब्यावर सर्रास दिसणारं. वाईट नव्हे, पण पैसे त्याचे दिले नव्हते.

‘बघा, टोक दुभंगलंय,’ असं म्हणून पान दाखवतात. त्यात काही अर्थ नाही. दोन्हींचं टोक तसंच, असमान दुभंगलेलं असतं. पान नीट पाहा. वेणीच्या पानावर उभ्या फिकट रेषा असतात आणि वाढलेलं पान फूटभर लांब होऊन झुकतं. अकॅम्पेचं पान आखूड, जाड, ताठ, रेषांविना. पान अरुंद, मधोमध घडी घातल्यासारखं आणि टोकाला दोन-तीन दात असले तर ती वांडा टेसेलाटा, म्हणजे आणखी तिसरंच ऑर्किड.

कधी पानंही चकवतात. मग रोपावर बोंडं असली तर ती बघा. अकॅम्पेची बोंडं जाडसर, कंगोरेदार, आखूड दांड्यावर पानांच्या बेचक्याजवळच घोसाने धरतात. वेणीचा दांडा लांब आणि लोंबता. बोंडं त्याच्यावर ओळीने. गंमत म्हणजे ‘यातल्या बियांची शंभर रोपं होतील’ म्हणून विक्रेताच बोंड ठेवतो, आणि तेच त्याला उघडं पाडतं. बियांचं म्हणाल तर ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं. त्यात अन्नसाठा नसतो, त्यामुळे ठरावीक बुरशीची साथ किंवा प्रयोगशाळेतली निर्जंतुक बाटली लागते. कुंडीत पेरून काही उगवत नाही. मोहरीएवढ्या दाण्यांचं ‘ऑर्किड बी’ पाकिटात आलं तर ते ऑर्किडचं नाहीच.

तुटलेली मुळं आणि त्यांना चिकटलेली झाडाची साल दिसली तर रोप ओरबाडून आणलेलं आहे. नाव खरं असलं तरी घेऊ नका. राष्ट्रीय उद्यानातून विनापरवाना वनस्पती काढणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

ऑनलाइन घेताना पैशांआधी पानाची वरची बाजू, टोक, वाळका दांडा आणि मुळं यांचे त्याच दिवशीचे फोटो मागा. पैसे अडकलेच तर वाट न बघता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा.