खिडकीत बियांपासून: लिथॉप्स की अडेनियम?

शहापूरच्या मावसबहिणीचा फोन आला, "दादा, दोन्हीपैकी काय पेरू?"

लिथॉप्स नामिबिया-दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या माळावरचं, खड्यासारखं दिसणारं छोटं रसाळ रोप. अडेनियम पूर्व आफ्रिका नि अरबस्तानाकडचं, फुगीर बुंध्याचं फुलझाड. पाकिटावरचे निळेजांभळे फोटो विसरा, निळं लिथॉप्स नसतंच.

पेरणीत अडेनियम सोपं. बी जिऱ्याहून मोठं, बोटांनी एकेक ठेवता येतं, उबेत आठवडाभरात उगवतं. लिथॉप्सचं बी म्हणजे तपकिरीची चिमूट. पंखा चालू असेल तर गेलंच! जाड वाळूमिश्रित मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती घालायची नाही.

खरी परीक्षा आपल्या पावसाळ्याची. जुलैच्या झडीत माझी मोहरीएवढी लिथॉप्सची रोपं एका रात्रीत पाणी होऊन गेली; सकाळी ट्रेमध्ये हिरवट डाग तेवढे उरले. म्हणून बेळगाव-खानापूरकडे ते दसऱ्यानंतरच पेरावं, अडेनियम फेब्रुवारी-मार्चात. पावसात कुजतं तेही, पण बुंधा धरल्यावर पाणी तोडलं की तगतं.

फुलाला लिथॉप्स तीनेक वर्षं तरी घेतं. अडेनियम दीड-दोन वर्षांत फुलतं, पण कडक ऊन मिळालं तरच. घरात नुसतं लांबतं. शिवाय त्याचा चीक विषारी.

गच्ची असेल, फुलाची घाई असेल तर अडेनियम. नुसती उन्हाची खिडकी आणि पाणी न घालण्याचा संयम असेल तर लिथॉप्स. बहिणीकडे गच्ची नाही, मांजर मात्र आहे. तिला लिथॉप्सच सांगितलं.