ओल्या कचऱ्यासाठी काय घ्यावं: माठ, बोकाशी, गांडुळं की मशीन?

घरी खत करायचं ठरलं की पहिला प्रश्न पडतो, "कुठला डबा घेऊ?" त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं शोधावीत. सुका पालापाचोळा कुठून आणणार? आणि तयार झालेलं खत कुठे घालणार? एवढं नक्की झालं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

चार माणसांच्या घरात रोज साधारण अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. देठं, सालं, चहाचा चोथा, उरलेला भात; आंब्याच्या दिवसांत तर विचारूच नका. हा सगळा सुक्या कचऱ्यात मिसळला की पुठ्ठा, कागद लडबडतो आणि विकण्याजोगा राहत नाही. डेपोतल्या ढिगाखाली हवा न मिळता कुजला तर मिथेन सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो.

म्हणून सगळ्यात स्वस्त पर्याय आधी सांगतो: काहीच विकत न घेता ओला कचरा फक्त नीट वेगळा देणं. २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी विभागणी बंधनकारक केली. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून हे काम करते आहे, आणि तिच्यामागे १९९३ साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. तुमचा सुका कचरा कोरडा राहिला तर तो निवडणाऱ्या ताईंना भंगारात चार पैसे जास्त मिळतात. घरात कोणालाच कचऱ्यात हात घालायची इच्छा नसेल तर इथेच थांबा. उगाच माठ आणून तो गॅलरीत वास मारत ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

माठ

एकावर एक तीन मातीची भांडी, असा खंबा बंगळुरूच्या 'डेली डंप'ने लोकप्रिय केला. वरचं भांडं भरलं की मधल्याशी अदलाबदल करायची, तळातल्यात खत मुरत राहतं. भरल्यापासून साधारण दोन-तीन महिन्यांत हाताला काळी, भुसभुशीत माती लागते आणि पहिल्या पावसासारखा वास येतो. मातीची भांडी श्वास घेतात, जादा ओल शोषतात. हा त्यांचा खरा फायदा. तोटा वजनाचा, फुटण्याचा आणि किमतीचा. बाजूंना आणि बुडाला भोकं पाडलेली जुनी बादली जवळपास तेच काम करते, हे विकणारे सांगत नाहीत.

कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या २५ ते ३० पट कार्बन लागतो. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी भरपूर, कार्बन कमी. तो सुक्या पानांतून येतो. व्यवहारात सांगायचं तर जेवढा कचरा तेवढाच चुरलेला पाला, दोन-तीन दिवसांनी एकदा हलवणं, बस्स. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडलाय. सडक्या अंड्यासारखा आला तर आत हवा नाही, ओल जास्त झाली आहे. दोन्हींवर उपाय एकच: पाला घाला आणि उकरा. कुजवण्यासाठी मिळणारी विकतची जिवाणूंची पावडर नंतर.

अळ्या दिसल्या की घरात आरडाओरडा होतो. बहुतेकदा त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा भराभर फस्त करतात. तरीही सासूबाईंना ते पटणार नसेल तर प्रत्येक थरावर पाल्याचं जाड पांघरूण घाला.

बोकाशी

हे तंत्र जपानी. ओकिनावाच्या तेरुओ हिगा यांनी १९८०च्या दशकात प्रसिद्धीला आणलेल्या जिवाणूंच्या मिश्रणावर ते चालतं. इथे हवा अजिबात नको. घट्ट झाकणाच्या डब्यात कचरा दाबायचा, वर जिवाणू लावलेला कोंडा भुरभुरायचा, डबा भरला की दोन आठवडे बंद. आतला कचरा लोणच्यासारखा मुरतो.

माठाला न चालणारं सगळं याला चालतं: शिजवलेलं अन्न, मटणाची हाडं, माशांची डोकी. कोकणातल्या, गोव्यातल्या मासळी खाणाऱ्या घरांना म्हणूनच हे सोयीचं. पण जाहिरातीत लहान अक्षरात असतं ते मोठ्याने वाचा: डब्यातून निघतं ते खत नव्हे. ते आंबट असतं आणि मातीत पुरून आणखी दोन ते चार आठवडे ठेवावं लागतं. सातव्या मजल्यावर, दोन तुळशींच्या कुंड्यांवर, हे पुरणार कुठे? शिवाय कोंडा संपला की पुन्हा विकत आणा. तळाला जमणारं पाणी मात्र कामाचं. शंभरपट पाण्यात मिसळून झाडांना घालता येतं.

गांडुळं

खताची प्रत सगळ्यात चांगली इथेच. पण ही जनावरं पाळण्याची गोष्ट आहे. त्यांना १५ ते ३० अंश तापमान मानवतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उघड्या गच्चीवर ती जगत नाहीत. लिंबाची सालं, कांदा-लसूण, तेल, तिखट-मीठ घालता येत नाही, आणि मराठी स्वयंपाकघरातून हे वगळलं की उरतं काय! सावलीचं अंगण, जवळ शेण असेल तर जरूर करा. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल यापैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, दोन असतील तर १० टक्के. सवलतीसाठी रिकामा हौद बांधणारेही पाहिले आहेत, ते असो.

मशीन

बटण दाबा, काही तासांत कोरडा चुरा. दिसायला छान. पण बहुतेक घरगुती मशीन कचरा तापवून, दळून फक्त सुकवतात. तो चुरा कुंडीत भिजला की फुगतो, वर बुरशी धरतो. खरं कुजणं तिथून पुढे सुरू होतं. विजेचा हिशेब सोपा आहे: ५०० वॅटचं यंत्र सहा तास सलग चाललं तर ३ युनिट. पर्यावरणासाठी म्हणून रोज एवढी वीज जाळणं मला पटत नाही. घरात हात-पाय थकलेली दोनच माणसं असतील, गॅलरी नसेल, तर समजू शकतो.

सोसायटीचा हौद

वीस-पंचवीस घरं राजी झाली तर बाकी सगळं विसरा. विटांचे दोन जाळीदार हौद, एक भरेपर्यंत दुसरा मुरतो. आवारातल्या झाडांचा पाला तिथेच लागतो, आणि रोज वर-खाली करणाऱ्या माणसाला ठरलेला पगार देता येतो. हा पगार सभेत मंजूर करून घेणं हेच खरं अवघड काम. बंगला किंवा मोठं स्वयंपाकघर असेल तर बायोगॅसही बघा. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र विकसित केलं, त्याला २००६ साली ॲशडेन हा शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटिश पुरस्कार मिळाला होता. त्याला पाला लागत नाही.

माझं मत विचाराल तर गॅलरी असलेल्या फ्लॅटला माठ, भाड्याच्या घराला भोकं पाडलेली बादली, अंगण आणि मासे दोन्ही असतील तर बोकाशी. मशीन सगळ्यात शेवटी.

सुरुवात फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. तेव्हा रस्त्याकडेला पानगळ पडलेली असते. झाडणाऱ्यांनी ती पेटवण्याआधी दोन गोणी भरून कोरड्या जागी ठेवा. पुण्यात 'ब्राउन लीफ' हा उपक्रम पाला असणारे आणि पाला हवा असणारे यांची गाठ घालून देतो. जुलैत पहिल्यांदा डबा मांडणाऱ्यांची पंचाईत होते: बाहेर एक पान कोरडं सापडत नाही आणि आत चिलटं. तशी वेळ आलीच तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा सुताराकडचा लाकडाचा भुसा चालतो, फक्त तो रंगीत प्लायचा नसावा. विरजण म्हणून मूठभर जुनं खत किंवा ताकाचा एक शिपका पुरतो.